यंदा पऱ्हाटी सरळ वाणाची लावावी का?

वावर_यवतमाळ
दोन एकरांत कापसाचा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण लावतो म्हटलं, तर कृषी केंद्रात सगळे हसले. हसा बापा. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं विष झाडातच असलेलं बियाणं, आलं ते जवळपास सगळं संकरितातच, म्हणून दरसाली नवं पाकीट. शिवाय संकरिताच्या एकाच बोंडातली सरकी सारखी नसते. काही दाण्यांत विष उतरतं, काहींत नाही. गुलाबी अळीला त्यातच पचवायची सवय लागते. वर आपण फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभी पऱ्हाटी, ठेवून तिला उन्हाळ्यापर्यंत जेवू घालतो. २०१७ ची बोंडअळी विसरलात? मला लवकर फुटून वावर मोकळं करणारा वाण हवा. हलक्या जमिनीत दाट लावीन, बी घरचं ठेवीन.

दुकानदार
गोम खरी, पण अर्धीच. अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी यायचं, ते बांधाकडेनं किती जणांनी लावलं? मीही नाही लावलं. आणि बिगर-बीटीवर हिरवी अळी पडली की फवारणीचा खर्च कोण करणार?

धानपट्टा
नागभीडकडच्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ धानातल्या वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी वाण तयार केला, नाव दिलं घड्याळाचं. ना प्रयोगशाळा, ना पाकीट. कापसात का नाही जमणार?

दुकानदार
धान स्वपरागी आहे, साहेब. कापसात मधमाश्या शेजारच्या बीटीचा पराग आणून टाकतात. घरचं बी दोन-तीन सालांत भेसळतं.

सीतादही
भाऊ, वेचाई किलोवर असते, माहीत हाये ना? बारीक बोंडाच्या वावरात मी सोता जात नाही. दिवसभर वाकून गाठोडं भरतच नाही, अन् वाळला पाला कापसाले चिकटते तो निवडा वेगळा. मोठं बोंड मालकाले आवडते तसंच आमालेही. वाण काढणाऱ्यानं वेचणारीले कधी इचारलं काय?

वावर_यवतमाळ
ताई, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मनात अकोल्याचा देशी एकेए-८ होता. पाण्याच्या ताणाला अन् तुडतुड्याला दणकट, पण बोंड बारीकच. मग देशी राहू द्या. एकच एकर, अमेरिकन सरळ वाण, अन् शेजारचा पराग कमी यावा म्हणून बी मधल्या तासांतलंच धरीन. वेचाई किलोवर नाही, रोजानं.

सीतादही
रोज किती देता, ते आधी लिहा.