आईची कंबर धरलीय, शेक कशानं द्यावा?

खानापूरची_पोर: रोप लावणी करून आल्यापासून आईची (वय 62) कंबर धरलीय. आज चौथा दिवस. सकाळी उठताना ओरडतेच, चालायला लागली की जरा सैल होतंय. आमच्याकडं पाऊस थांबायचं नाव नाही, घरभर ओल. रबरी पिशवी घेऊ की करंटची? करंट दिवसातून चारदा जातो, ते धरून सांगा.

वडगावचा_माग: माझ्याकडं करंटची जेलवाली आहे. तापली की वायर काढायची, मगच अंगाला लावायची. मागावर उभं राहून पाठ भरून येते, रात्री शेकलं की झोप लागते. खरं तुमच्याकडं करंटचं असं असेल तर रबरीच घ्या.

निपाणी_काकू: पिशवीला पैसे कशाला गं? खडेमीठ तव्यावर भाज, सुती फडक्यात पुरचुंडी बांध. निर्गुडीची पानं मिळाली तर तीही घाल. मी जन्मभर मांडी घालून विड्या वळल्या, माझी कंबर या पुरचुंडीवरच टिकली.

अनगोळ_फिजिओ: सूज किंवा मुका मार असता तर पहिले दोन दिवस बर्फ म्हटलं असतं. हे आखडणं दिसतंय, शेक चालेल. रबरी पिशवीत उकळतं पाणी नको. दोन तृतीयांश भरा, हवा काढून बूच लावा, वर टॉवेल गुंडाळा. 15-20 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. तिच्यावर झोपायचं नाही, आधी बाम चोळायचा नाही. वरचा शेक कातडीखाली एक-दोन सेंटिमीटरच पोचतो, त्यामुळं जास्त तापवून फक्त कातडी भाजते. शेकून झाल्यावर लगेच उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायला लावा, खरा फायदा तिथं आहे. कळ पायात उतरली, पाय बधिर झाला, लघवीचा त्रास झाला किंवा ताप आला तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा. आणि शुगर आहे का?

खानापूरची_पोर: आहे की, बारा वर्षं. तळपायाला मुंग्या येतात. रोज चुलीपुढं बसते, पोटऱ्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत. ते वयानं असतील म्हणून सोडून दिलं.

अनगोळ_फिजिओ: वयानं नव्हे, रोजच्या धगीनं पडतात तसे डाग. चुलीपासून लांब बसवा, डाग डॉक्टरांना दाखवा. शुगरमुळं भाजलेलं कळत नाही, म्हणून "सोसतंय का" असं आईला विचारून भागणार नाही. पिशवी आधी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघा. पायांना शेक नकोच. काकू, पुरचुंडीचंही तेच. तव्यावरचं मीठ किती तापलंय याचा अंदाज येत नाही.

निपाणी_काकू: ते खरंय. सासूबाईंना एकदा फोड आला होता, पंधरा दिवस बसला नाही.

खानापूरची_पोर: रबरी आणली. दोन दिवस मीच धरून बसतेय, सकाळचं ओरडणं कमी झालंय. चुलीपुढचा पाट उचलला म्हणून आई माझ्याशी बोलत नाही. निर्गुडी मात्र हवीच म्हणते. पानं पिशवीच्या टॉवेलात गुंडाळली तर चालेल का हो?

अनगोळ_फिजिओ: चालेल. वास तरी येईल.