सिटअप्स १४ च्या पुढे जात नाहीत, बरोबर पद्धत सांगा (तातडीचं)

कर्वेनगरी | सोमवार, रात्री ९:१२
सिटअप्सची नेमकी पद्धत हवी आहे. १४ झाल्या की गाडी अडते. मान धरते, माकडहाडापाशी सोलवटतं. व्हिडिओ बघून झाले, दहा जण दहा गोष्टी सांगतात. हातात पंधरा दिवस आहेत. सोबत पोटाचे आणखी कुठले व्यायाम करावेत तेही लिहा. "जिम लावा" हे उत्तर नको.

पेठी_पहिलवान | ९:२०
१४ उठाबशांत मान कशी धरते बुवा? आधी गुडघे बोलायला हवेत. बैठक अशी मारा: पाय खांद्याएवढे, खाली बसताना टाचा उचलायच्या, हात मागून जमिनीलगत आणायचे, उठताना हात पुढून छातीपाशी आणि टाचा खाली. पहिल्या आठवड्यात २० च्या तीन खेपा. उठताना गुडघे आत पडले की समजा कुल्ल्याचा बाहेरचा भाग कच्चा आहे.

अनाहूत | ९:२४
पहिलवान, सिटअप म्हणजे उठाबशा नव्हेत. उताणं झोपून, गुडघे दुमडून धड उचलायचं असतं.

पेठी_पहिलवान | ९:२६
मग तसं मराठीत लिहावं माणसानं.

अनाहूत | ९:२७
शब्द सुचवा, लगेच लिहितो. बाकी आपल्या कान धरून उठाबशा परदेशात 'सुपर ब्रेन योगा' नावाने विकल्या जातात, हे जाता जाता.

मणकेमित्र | ९:३५
धागाकर्ते, अर्धी माहिती तुमच्याकडेच राहिली आहे. पाय कशात अडकवता की मोकळे ठेवता? हात कुठे असतात? अंगाखाली काय असतं? १४ किती वेळात होतात? कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरतात का? वय किती?

टेकडीवाला | ९:३८
सिटअप सोडा, प्लँक करा, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर अंग ताठ धरा. विषय संपला.

कर्वेनगरी | ९:४९
पाय दिवाणाखाली अडकवून. हात मानेमागे, बोटं गुंफून. खाली फरशीवर चादर. कळ, मुंग्या काही नाही. वेळ मोजली नाही. वय कशाला हवंय? पद्धत सगळ्यांना सारखीच असणार ना.

मणकेमित्र | १०:१५
वय हवंच, पण तोवर तुमच्या दोन्ही तक्रारींचं कारण वरच्या चार ओळींत सापडलं.

खांद्याची पाती जमिनीवरून सुटेपर्यंत, साधारण पहिले ३० अंश, काम पोटाचा पुढचा सरळ स्नायू करतो. त्यापुढे कंबर उचलायची वेळ येते आणि काम सोआसकडे जातं. हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. पाय दिवाणाखाली अडकवले की सोआसला ओढायला घट्ट खुंटी मिळते आणि पोट पहिल्या इंचापासूनच कामचुकारपणा करतं. सोआस दमला की वर यायला जोर उरत नाही, मग हात डोक्याला हिसका देतात. तुमची मान तिथे धरते.

तेव्हा आधी पाय मोकळे करा. ते जमिनीवरून उचलले जातील, कारण धड पायांपेक्षा जड आहे. ते टेकलेले ठेवायचे तर पाठ गोल करतच वर यावं लागतं, आणि आपल्याला शिकायचं आहे ते हेच. गुडघे ९० अंशांत, टाचा कुल्ल्यांपासून एक-सव्वा फुटावर, पावलं पूर्ण टेकलेली. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये मोसंबी मावेल एवढी जागा. तोंडाने श्वास सोडत वर, नाकाने घेत खाली. आधी डोकं, मग खांदे, मग पाती, मग कंबर. खाली जाताना क्रम उलटा, आणि त्याला दोन ते तीन सेकंद द्या. धप्पकन पडलात तर निम्मा व्यायाम वाया जातो.

हात सर्वांत शेवटी वर न्यायचे. पहिली पायरी, हात पुढे मांड्यांवर. तशा १५ सहज झाल्या की छातीवर घडी. तीही झाली की बोटांची टोकं कानांपाशी, गुंफायची नाहीत. हात जितके डोक्याकडे जातील तितकं वरच्या बाजूचं वजन वाढतं.

पाय मोकळे ठेवून एकही झाली नाही तर बसून सुरुवात करा आणि ५ मोजत फक्त खाली जा. परत वर यायला हातांचा टेकू चालेल. अशा ५ च्या तीन खेपा.

आसनस्थ | १०:३१
माकडहाड सोलवटतं कारण पाठ ताठ ठेवून त्या हाडावर झोका घेतला जातो. चादर सरकते, कातडी घासते. सतरंजी चौघडी करा किंवा १० मिमीची चटई घ्या. नेहमीची ६ मिमीची हाडकुळ्या माणसाला पुरत नाही. कपड्याची मधली शिवण नेमकी तिथे येत असेल तर तीही बघा.

टेकडीवाला | १०:४०
एवढं सगळं कशासाठी? अमेरिकन नौदलाने २०२१ मध्ये चाचणीतून कर्ल-अप, म्हणजे सिटअपचाच एक प्रकार, काढून प्लँक आणला. त्यांच्या मरीन कोअरने २०२३ पासून क्रंच, म्हणजे तसलाच प्रकार, बंद केले. कारण हेच, कमरेवर भार.

शिट्टी_पट्टी | १०:५२
आणि आपल्याकडे एनडीएच्या परीक्षेच्या जाहिरातीत उमेदवारांना पुश-अप आणि सिटअपची तयारी करून या असं सांगतात. खडकवासला इथून जवळ, अमेरिका लांब. ज्याला जी चाचणी द्यायची आहे त्याने तीच करायची. प्लँक धरून सिटअपचा आकडा वाढत नाही. प्लँकमध्ये धड हलत नाही, सिटअप म्हणजे हालचालच.

टेकडीवाला | १०:५८
चाचणी आहे असं कोण म्हणालं? पोट कमी करायचं असणार. मग ऐका. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जाते हा भ्रम आहे. रात्रीचा भात अर्धा करा, रोज वेताळ टेकडी ४५ मिनिटं.

कर्वेनगरी | ११:०४
पोट कमी करायचं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मुलीसाठी विचारतोय. नववीत आहे, शाळेत शारीरिक चाचणी आहे.

अनाहूत | ११:०५
दोन तास आम्ही कुणाच्या पोटाबद्दल बोलत होतो म्हणायचं?

शिट्टी_पट्टी | ११:१०
हे पहिल्या ओळीत हवं होतं. शाळेने कागद दिला असेल. त्यावर जसं छापलंय तसंच्या तसं इथे उतरवा. "सिटअप" हा शब्द आहे का त्यात?

चिंचवडची_लेक | ११:१४
मध्येच विचारते, राग नको. सिझेरियनला पाच महिने झाले, हे सिटअप्स सुरू करू का? पोट मधोमध उंच होतं.

मणकेमित्र | ११:२२
ताई, सध्या नको. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला, बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवून फट बघा. दोन बोटांपेक्षा जास्त रुतली किंवा मध्ये सुळका उठला तर स्नायूंच्या दोन पट्ट्या अजून जवळ आलेल्या नाहीत. सिटअपने तो सुळका आणखी ढकलला जातो. डॉक्टरांना आणि फिजिओला दाखवून मगच. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो. हर्निया आणि ठिसूळ हाडं असलेल्यांनाही हेच लागू.

कर्वेनगरी | मंगळवार, सकाळी ७:०३
कागद सापडला. "पार्शल कर्ल-अप, ३० सेकंद". सिटअपच ना ते?

शिट्टी_पट्टी | ७:२०
नाही! खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत हाच प्रकार असतो आणि तो वेगळा आहे. पोरगी नको तो व्यायाम करून माकडहाड सोलून घेते आहे.

पूर्ण उठून बसायचंच नाही. उताणं झोपायचं, गुडघे ९० अंशांत, हात सरळ अंगाजवळ, तळवे जमिनीकडे. जमिनीवर एकमेकींना समांतर दोन पट्ट्या, मधलं अंतर ६ इंच. बोटं पहिल्या पट्टीवर, बोटं सरकून दुसऱ्या पट्टीला लागेपर्यंत धड गोल करत उचलायचं. परत खाली, पाती जमिनीला टेकली की एक. हिसका नाही. ३० सेकंदांत होतील तितक्या.

घरी इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या चिकटवा. कड बोटाला लागते, मान वळवून बघावं लागत नाही. पहिली पट्टी तिची बोटं जिथे सहज पोचतात तिथे, खांदे सैल ठेवून. खांदे आधीच खाली ओढून पट्टी लावली तर अंतर फुकट वाढतं.

आकडा कुठे बुडतो ते सांगतो. एक, खांदे पुढे सरकवून बोटं पोचवणं. धड उचललंच जात नाही. दोन, घाईत पाती न टेकणं. तीन, टाचा उचलणं. चार, श्वास कोंडणं. दहा-बारा झाल्यावर चेहरा लाल होतो आणि पोट सोडून देतं. प्रत्येक वेळी वर जाताना 'हू' असा बारीक आवाज काढायला सांगा, श्वास आपोआप सुटतो.

मणकेमित्र | ७:४१
शिट्टी_पट्टींशी सहमत. आणि बघा, या प्रकारात सोआसचं काम जवळजवळ नाहीच, पहिल्या ३० अंशांतच संपतो. माझं कालचं पायऱ्यांचं पुराण पूर्ण सिटअपसाठी होतं, ते बाजूला ठेवा. मोसंबी आणि श्वास तेवढा घ्या.

सकाळी उठल्या उठल्या करू नका. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकण्याचा ताण जास्त बसतो. तासभर जाऊ द्या. शाळेतून आल्यावर, खाऊन दोन तासांनी उत्तम.

पेठी_पहिलवान | ७:५०
तालमीत पहाटेच जोर मारतात. पिढ्या गेल्या. कुणाच्या चकत्या फुगल्या नाहीत.

मणकेमित्र | ७:५५
जोर मारताना सिटअपसारखं कमरेत गोल होऊन धड उचलावं लागत नाही, पहिलवान. जोर पहाटे मारा, माझी ना नाही.

आसनस्थ | ८:१०
मुलीला रोज १२ सूर्यनमस्कार घाला, पोट, पाठ, खांदे सगळं येतं. औंधच्या राजेसाहेबांनी शाळाशाळांत उगाच नव्हते सुरू केले.

टेकडीवाला | ८:१३
औंधमध्ये राजे कधी होते? पुण्यात, ब्रेमेन चौकात?

आसनस्थ | ८:१५
साताऱ्याकडचं औंध संस्थान! भवानराव पंतप्रतिनिधी.

पेठी_पहिलवान | ८:१८
आणि ते सूर्यनमस्कार दहा अंकी की बारा अंकी, म्हणजे दहा स्थितींचे की बारा, घालायचे?

शिट्टी_पट्टी | ८:२१
त्यावर वेगळा धागा काढा, हा इथेच बुडेल. सूर्यनमस्कार चांगलेच, पण पंधरा दिवसांत ३० सेकंदांचा आकडा त्याने हलणार नाही.

कर्वेनगरी | ८:३०
रोज किती करायचे? एवढंच सांगा.

शिट्टी_पट्टी | ८:४८
रोज नाही, एक दिवसाआड. आज घड्याळ लावून ३० सेकंदांची एकच खेप घ्या आणि फक्त बरोबर झालेले मोजा. समजा १६ आले. त्याच्या साठ टक्के म्हणजे साधारण १०. १० च्या चार खेपा, मध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. चौथीतही पट्टी नीट लागत असेल तर पुढच्या वेळी प्रत्येक खेपेत १ वाढवा. घड्याळाची खेप दर पाचव्या दिवशी एकदाच, त्या दिवशी दुसरं काही नाही. शेवटचे दोन दिवस पूर्ण सुट्टी. वेगाचा अंदाज असा, की ३० सेकंदांत २० म्हणजे एकाला दीड सेकंद. पहिल्या १० सेकंदांत ९ हाणून पुढे ढेपाळण्यापेक्षा एकच ठेका बरा.

मणकेमित्र | ९:०२
मधल्या दिवसांत डेड बग आणि बर्ड डॉग, प्रत्येकी दहा मिनिटंही नकोत. डेड बग म्हणजे उताणं पडलेलं झुरळ: हात छताकडे, गुडघे ९० अंशांत वर. उजवा हात डोक्यावरून मागे जमिनीकडे आणि डावा पाय पुढे सावकाश न्यायचा, मग उलट. कंबर आणि फरशीमध्ये हात शिरायला लागला की पाय फार खाली गेला, तिथेच थांबा. प्रत्येक बाजूला ६. बर्ड डॉगमध्ये हाता-गुडघ्यांवर, विरुद्ध बाजूंचा हात-पाय लांब, ८ ते १० सेकंद धरायचं. मॅकगिल नावाचे, वॉटर्लू विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले मणक्यांचे अभ्यासक याच्या खेपा उतरत्या ठेवतात: ६, मग ४, मग २. दमल्यावर ढब बिघडते म्हणून.

टेकडीवाला | ९:०६
आणि प्लँक?

मणकेमित्र | ९:०९
घाला हो. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, कुल्ले आवळलेले, १० सेकंदांच्या ६ खेपा. दोन मिनिटं झोळी करून लटकणं हा प्लँक नाही.

टेकडीवाला | ९:१०
हेच तर म्हणत होतो पहिल्यापासून.

कर्वेनगरी | संध्याकाळी ६:५५
टेप लावली. १९ झाले, त्यातले ४ पाती न टेकल्यामुळे सोडले. म्हणजे १५. मान दुखली नाही. एकच राहिलं, बूट घालून करायचं की अनवाणी? फरशीवर पाय सरकतात.

शिट्टी_पट्टी | ७:१०
चाचणीला शाळेचे बूट घालूनच उभं करतील, तर सरावही बुटातच. रबराचा तळ फरशीला धरतो. पण मोजे घालून अजिबात नको. आणि १५ च्या साठ टक्के ९, उद्या सुट्टी, परवा ९ च्या चार.

पेठी_पहिलवान | ७:३०
सूर्यनमस्कार दहा अंकीच. बारा नंतर आले.