जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली आहे. आधी रिमॅप करावे की आधी देखभाल?

घाटवाट, कोल्हापूर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी २०१६ सालची फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय विकत घेतली. मी तिचा दुसरा मालक आहे. गाडी ६८,००० किलोमीटर धावली असून ५२,००० पर्यंतच्या सर्व्हिसच्या नोंदी आहेत, त्यापुढच्या मात्र आधीच्या मालकांकडे मिळाल्या नाहीत. ही गाडी घ्यायची इच्छा मनात कितीतरी वर्षे होती, त्यामुळे ती नीट सांभाळायची आणि थोडी वेगवानही करायची, असे ठरवून १,२०,००० रुपये वेगळे काढून ठेवले आहेत. रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणे), मोठा एक्झॉस्ट आणि गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज अशी माझी यादी आहे.

दर पंधरा दिवसांनी मी गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे गावी जातो. सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद इंजिनाच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि मग थांबतो. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना गाडी किंचित थरथरते. हे या गाडीत नेहमीचेच आहे, की यामुळे माझ्या यादीचा क्रम बदलायला हवा?

मापपट्टी, पुणे

क्रम बदलायला हवा, आणि तुम्ही लिहिलेली दोन लक्षणेच त्याचे कारण आहेत.

थरथरीपासून सुरुवात करतो. तुमच्या गाडीत डीक्यू२०० हा सात गतींचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आणि आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स आहे. त्यातले दोन्ही क्लच कोरडे असतात, म्हणजे ते तेलात बुडालेले नसतात, आणि म्हणून गर्दीत ब्रेक अर्धवट दाबून गाडी सरकवत राहिले की ते तापतात आणि झिजतात. पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकण्यापेक्षा ब्रेक पूर्ण दाबून थांबावे आणि दोन गाड्यांएवढी जागा झाली की एकदाच पुढे जावे, ही सवय आजपासून लावून घ्या. थरथर किरकोळ असेल तर स्कॅनरने क्लचचे अॅडाप्टेशन (संगणकाला क्लचची सध्याची स्थिती नव्याने शिकवणे) पुन्हा करून ती पुष्कळदा कमी होते. ती तशीच राहिली, तर क्लचची झीज किती झाली आहे ते पाहावे लागते.

खरी धास्ती क्लचची नाही, मेकॅट्रॉनिकची, म्हणजे गिअरबॉक्सच्या नियंत्रण पेटीची आहे. गिअर बदलणारा हायड्रॉलिक दाब आणि त्यावर ताबा ठेवणारा संगणक हे दोन्ही त्या एकाच पेटीत असतात, आणि दाब साठवणाऱ्या भागाजवळ तिचे धातूचे घर तडकण्याचा दोष जगभर ठाऊक आहे. तसे झाले की स्कॅनरवर पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे दोषाचे कोड दिसतात, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरे लुकलुकतात आणि गाडी रस्त्यातच थांबू शकते. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवागनने याच गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांतले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घातले होते, इतका हा गिअरबॉक्स नाजूक विषय आहे. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी पूर्ण स्कॅन करून घ्या आणि त्याचा छापील अहवाल जपून ठेवा. मेकॅट्रॉनिक बदलायची वेळ आली, तर तुमचे १,२०,००० पुरतील याची खात्री देता येत नाही.

आता सकाळच्या आवाजाकडे वळतो. या १.२ लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे आणि तिचा टेन्शनर (साखळीचा ताण राखणारा भाग) इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तो दाब उतरतो, साखळी ताणली गेली असेल तर ती पहिले काही क्षण सैल वाजते आणि दाब आला की शांत होते. तुम्ही केलेले वर्णन नेमके असेच आहे. साखळी दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, त्यामुळे हा आवाज ऐकू येत असताना रिमॅपचा विचारही करू नका.

नोंदी नसलेल्या त्या १६,००० किलोमीटरमध्ये ऑइल बदलले गेले नाही असेच धरून चाला. व्हीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचे ऑइल, फिल्टर आणि स्पार्क प्लग लगेच बदला, आणि पुढे कंपनीने सांगितलेल्या १५,००० ऐवजी ७,५०० किलोमीटरलाच ऑइल बदलत जा. हे इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारते, त्यामुळे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर डांबरासारखा कार्बन साचतो. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने मारून तो साफ करतात. माझ्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड ७४,००० वर उघडला, तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बोटभर जाड काळी खपली बसलेली मी स्वतः पाहिली. सफाईनंतर गाडी जशी मोकळी धावू लागली, त्यात रिमॅपची निम्मी हौस फिटली.

सगळे ठीक निघाले, तर सौम्य स्टेज-१ रिमॅपला (सुटे भाग न बदलता केलेल्या) माझा विरोध नाही. मूळचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) त्याने साधारण २१० ते २३० पर्यंत जातो आणि या गिअरबॉक्सची मर्यादा २५० आहे, त्यामुळे त्याच्या वर नेऊन देतो म्हणणाऱ्या ट्यूनरकडे जाऊ नका. रिमॅपनंतर कमी ऑक्टेनचे पेट्रोल चालणार नाही, ९५ किंवा त्याहून वरचेच भरावे लागेल. कोल्हापूर ते वैभववाडी या वाटेवर ते कोणत्या पंपांवर नेहमी मिळते, हे आधीच पाहून ठेवा.

रातराणी, चिपळूण

मापपट्टी यांनी इंजिन आणि गिअरबॉक्सचे सगळे सांगितले आहे, पण करूळ घाट वाचून मला ब्रेकबद्दल लिहावेसे वाटले.

चार वर्षांपूर्वी मीही अशीच जुनी गाडी घेतली होती. पाच माणसे आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट उतरत असताना ब्रेकचे पेडल हळूहळू मऊ होत गेले आणि एका वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. पेडल दोन-तीनदा भराभर दाबून आणि गिअर खाली घेऊन मी गाडी कडेला थांबवली. मागच्या सीटवर माझी आई होती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेक फ्लुइड बाहेर काढले, तेव्हा ते कोऱ्या चहासारखे तपकिरी झाले होते. ज्या गॅरेजने आधीच्या मालकाला ‘ब्रेक ओके’ लिहून दिले होते, त्याने ते कधी बदललेच नव्हते.

ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषून घेते. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि लांब उताराला तापलेल्या ब्रेकमध्ये फ्लुइड उकळून वाफ झाली की पेडलमध्ये जोर राहत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवे. घाट उतरताना डीएसजी मॅन्युअल मोडमध्ये घेऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरते.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायरवरची नक्षी कितीही शिल्लक दिसली, तरी सहा वर्षांपुढचे रबर पावसाळ्यातल्या घाटात मी वापरणार नाही. मूळ १८५/६० आर१५ ऐवजी १९५/५५ आर१५ घेतले, तर बाहेरचा व्यास जेमतेम सव्वा टक्क्याने कमी होतो आणि पकड वाढते. गाडी खाली बसवण्याचा बेत मात्र सोडून द्यावा, असे मी मनापासून सांगते. आपल्याकडचे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता पहिल्याच महिन्यात तळ घासेल.

कागदपत्र, ठाणे

कायद्याचे थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळा ठरणारा बदल करता येत नाही. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लगेच ध्यानात येतो, म्हणून तो यादीतून काढाच. रिमॅप डोळ्यांना दिसत नसला, तरी तो विमा कंपनीपासून लपवून ठेवला आणि पुढे मोठा दावा करावा लागला, तर तो नाकारला जाण्याची भीती राहते.

त्याहून निकडीचे म्हणजे गाडी नावावर झाली असली, तरी विमा तुमच्या नावावर झाला आहे का, हे आजच तपासा. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे हप्त्यात तेवढा फरक भरावा लागेल.

घाटवाट, कोल्हापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल स्कॅन करून घेतला. मेकॅट्रॉनिकचा एकही कोड नाही आणि अॅडाप्टेशन केल्यानंतर थरथर बरीच कमी झाली आहे. ब्रेक फ्लुइड रातराणीताईंनी लिहिले तसेच तपकिरी निघाले, ते लगेच बदलून घेतले. टायरवर १४१७ हा आकडा आहे, म्हणजे चारही टायर २०१७ चे आहेत. विम्याचा अर्ज राहून गेला होता, तो आज सकाळी भरला.

मेकॅनिकने थंड इंजिन माझ्यासमोर सुरू करून आवाज ऐकवला, साखळीच्या झाकणाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावली, तेव्हा ती खुळखुळ अगदी स्पष्ट कळली. साखळी, टेन्शनर आणि मार्गदर्शक पट्ट्या मागवल्या आहेत आणि त्याच वेळी व्हॉल्व्हची सफाईही होईल. टायर धरून बहुतेक सगळे पैसे यातच जातील. काम होईपर्यंत गावी एसटीने जाईन. झाकण उघडल्यावर साखळीचे फोटो इथे टाकतो.