सल्ला हवा: उधाणाच्या जगात पुन्हा पुन्हा येणारा भविष्यवेत्ता कसा रंगवावा?

गोदाकाठी (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्रमैत्रिणी इंदिरानगरला एकीच्या घरी रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतो, मराठीतून. कथा मी चालवतो. तयार मॉड्यूल, म्हणजे छापील कथानक, घेतलेलं नाही, जग आमचं आम्हीच उभं केलंय.

या जगात जादू कुणाच्या ताब्यात नाही. लोक तिला उधाण म्हणतात. उधाण आलं की वठलेल्या आंब्याला एका रात्रीत मोहोर येतो, विहिरीतून धूर निघतो, गावाची वेस सकाळी भलतीकडेच सापडते. नियम खेळातल्या वाइल्ड मॅजिकचेच, म्हणजे बेभरवशाच्या जादूचे. पाचव्या आवृत्तीत (२०१४) त्या प्रकारच्या सॉर्सररने (जादूगाराने) मंत्र टाकला की डीएम, म्हणजे कथा चालवणारा, त्याला वीस बाजूंचा फासा टाकायला लावू शकतो, आणि एक पडला तर शंभराच्या तक्त्यावरून काय घडायचं ते ठरतं. आम्ही एकऐवजी एक ते तीन धरतो, म्हणजे उधाण जरा जास्त वेळा येतं.

आता मुख्य गोष्ट. या जगात 'सांगत्या' म्हणून एक जण आहे. जुन्या शिलालेखात त्याचा उल्लेख आहे, जात्यावरच्या ओव्यांत आहे, आणि आता तो खेळाडूंना प्रत्यक्ष भेटलाय. दरवेळी वय वेगळं, चेहरा वेगळा, कधी बाई तर कधी पुरुष. डावा तळहात मात्र कायम भाजलेला.

पहिल्या भेटीत तो नदीच्या उतारावर नावेची वाट पाहत बसला होता. त्याने कोळशाने घाटाच्या खांबावर तीन रेघा मारल्या आणि म्हणाला, "पाणी तिसऱ्या रेघेला लागलं तर नाव सोडू नका." थोड्या वेळाने आमच्या जादूगारणीने भलत्याच कारणासाठी मंत्र टाकला, फाशावर दोन पडले, तक्ता काढला, आणि नदी उलटी वाहायला लागली. पाणी चढत चढत तिसऱ्या रेघेला टेकलं. मी यातलं काहीही ठरवलेलं नव्हतं. टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

तेव्हापासून खेळाडू मला एकच विचारताहेत: त्याला आधीच माहीत होतं का? माहीत होतं म्हणावं, तर फाशांना काही अर्थ उरत नाही. नव्हतं म्हणावं, तर तो भोंदू ठरतो, आणि मला तो भोंदू नकोय. शिवाय तो पुन्हा पुन्हा का येतो, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

वाचायला काय घ्यावं? नाशिकच्या आसपास बघण्यासारखं काही आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी असं पात्र चालवलं असेल तर कसं निभावलंत, तेही सांगा.

केतकीचं_बन

जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' (१९७५). त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. आधी 'इस्किलार' घ्या. कुठल्याच नकाशात नसलेला मुलूख अस्सल मराठीत उभा राहू शकतो, याची खात्री पटेल. तुमच्या सांगत्याच्या तोंडची भाषा कशी असावी, यासाठी मला तरी याहून चांगला गुरू माहीत नाही.

सिन्नरचा_वाटसरू

गोदाकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. त्या तीन रेघा. आणि बघण्यासारखं म्हणाल तर ते तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे: गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतंच. पण नाशिककर एकमेकांना फोन करतो तेव्हा काय विचारतो? "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. छातीला म्हटलं की सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतात. पुढे नदीकाठच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी पोहोचलं, तर मग तो नुसता पूर राहत नाही, महापूर होतो. १९६९, २००८, २०१६ ही सालं जुन्या नाशकात कुणालाही विचारा.

आता यात मारुती काय सांगतो ते नीट बघा. पाऊस कधी पडेल, किती पडेल, हे तो सांगत नाही. पाणी इथवर आलं तर पुढे काय होईल, एवढंच त्याच्यावरून कळतं. आभाळाचा भरवसा नाही, पण चढलेलं पाणी कोणत्या गल्लीत शिरणार ते ठरलेलं असतं, कारण ते जमिनीच्या उताराने ठरतं.

सांगत्याला हेच द्या. उधाण कधी येणार ते त्याला ठाऊक नाही, कुणालाच नाही, फासा फासाच राहील. त्याला ठाऊक आहे तो जमिनीचा उतार. म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य 'जर' ने सुरू होतं. "पाणी तिसऱ्या रेघेला लागलं तर नाव सोडू नका" हे वाक्य पाणी चढलं नसतं तरी खरंच राहिलं असतं. मग तो भोंदूही नाही आणि फासेही फुकट गेले नाहीत.

टेबलावर हे असं चालवा. सेशनच्या आधी एका कागदावर तीन खुणा लिहा. प्रत्येक खूण खेळाडूंना डोळ्यांनी दिसेल अशी हवी: देवळातला दिवा निळा झाला तर, माळावरचे कावळे रात्री ओरडले तर, वेशीचा दगड ओला झाला तर. प्रत्येकीपुढे तिचा परिणाम लिहा. कागद घडी घालून टेबलाच्या मध्यावर ठेवा. एकदा ठेवला की त्यातला शब्दही बदलायचा नाही, कथा कितीही अडली तरी. पाळायला अवघड आहे, पण नेमका याच एका नियमावर खेळाडूंचा विश्वास बसतो. तिन्हींपैकी एकही खूण घडली नाही तर कागद न उघडता फाडून टाका.

राहिला पुन्हा येण्याचा प्रश्न. तुमच्या जगात उधाणाने वेस सरकते, नदी उलटी वाहते. म्हणजे मोठं उधाण येऊन गेलं की जमिनीचा उतारच बदलतो आणि जुन्या रेघा खोट्या पडतात. लोक मात्र त्याच रेघांवर विसंबून असतात. त्या पुसून नव्या मारायला कुणीतरी यावंच लागतं. सांगत्या येतो तो त्यासाठी. आणि जुनी रेघ पुसायची म्हणजे तिच्यावर तळहात टेकवावा लागतो. हात कशाने भाजला ते यातून आपोआप निघतं.

पंचगंगा

वाटसरू, वाचनखूण साठवली. अप्रतिम.

कोल्हापूरकडची भर घालते. हातकणंगले तालुक्यात पट्टण कोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याने सगळा आसमंत पिवळा झालेला असतो, ढोल-कैताळ चालू असतात, आणि फरांडे बाबा पोटावर तलवारीचे वार करत हेडाम खेळतात. मग भाकणूक, म्हणजे भविष्यकथन, होते: पाऊस, पीक, महागाई, रोगराई, राजकारण. तुमच्या कामाचा मुद्दा असा की फरांडे बाबा हे मानाचं पद आहे. माणूस बदलतो, पद चालूच राहतं. 'तोच परत आला' असं म्हणणारे आणि 'गादीवर दुसरा बसला' असं म्हणणारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक विनंती. हे जिवंत श्रद्धेचे विधी आहेत. रचना घ्या, पण देवाचं नाव, भंडारा आणि तलवार जशीच्या तशी उचलून काल्पनिक जगात ठेवू नका.

गोदाकाठी (नाशिक)

वाटसरूदादा, तळहाताचं वाचून अंगावर काटा आला. मी तो तपशील निव्वळ ओळख पटावी म्हणून घातला होता.

पंचगंगाताई, विनंती मान्य. पण सांगत्या हे पद आहे असं उघड केलं तर त्याचं गूढ जाईल, अशी भीती वाटते.

जुनी_बखर

गूढ जात नाही. ग्रीसमधलं डेल्फी बघा. तिथली पिथिया, म्हणजे देवळात भविष्य सांगणारी पुजारीण, हे पदच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. प्लुटार्क हा ग्रीक लेखक स्वतः तिथे पुजारी होता. तो लिहितो की भरभराटीच्या काळात दोन पिथिया आळीपाळीने बसत आणि तिसरी राखीव असे. तरी राजे महाराजे तिच्या दारात ताटकळत उभे राहत. लिडियाच्या क्रीसस राजाला उत्तर मिळालं की तू पर्शियावर चालून गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. गेला, आणि त्याचंच नष्ट झालं. वाटसरूंचा 'जर' इथेही आहे. पिथिया कोण हे लोकांना ठाऊक होतं. तिच्या तोंडून कोण बोलतं, याचं गूढ शिल्लक होतं.

रोमची सिबिल, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, तर कथेसाठी सोनंच आहे. टार्क्विन राजाकडे ती भविष्याचे नऊ ग्रंथ विकायला आली. त्याला किंमत जास्त वाटली. तिने तीन जाळले आणि उरलेल्या सहांची तीच किंमत सांगितली. पुन्हा नकार, आणखी तीन जाळले. शेवटी राजाने उरलेले तीन नवांच्या किमतीत घेतले. ते ग्रंथही इसवी सनापूर्वी ८३ मध्ये कॅपिटोलवरच्या देवळाला आग लागली त्यात गेले, आणि रोमच्या सिनेटने ठिकठिकाणी माणसं पाठवून वचनं पुन्हा गोळा करवली. गोळा केलेल्यांतली खरी किती आणि घुसडलेली किती? तुमच्या खेळाडूंना एवढ्यावर महिनाभर हिंडवता येईल.

येवल्याची_पैठणी

ग्रीस-रोम ठीक आहे, पण आपला सहदेव कुठे गेला? लोककथेतल्या सहदेवाला पुढचं सगळं कळतं, मात्र विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं बंधन त्याच्यावर आहे. सांगत्याला हे बंधन घालाच. मग खेळाडूंना नेमका प्रश्न विचारावा लागेल. आमच्याकडे आजी पावसाचे ठोकताळे सांगायची ते सहदेव-भाडळीच्या नावानेच.

मोताळा_एक्सप्रेस

आमच्या बुलढाण्याची भेंडवळची घटमांडणीही बघा. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा प्रकारचं धान्य, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा. विड्याचं पान आणि सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्री तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा सरकला, यावरून अंदाज सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी यावर जाहीर आक्षेप घेतलेले आहेत, आणि मला ते पटतात.

पण कथेत त्याचा उपयोग मोठा आहे. सांगत्याने नुसती मांडणी करून निघून जावं आणि वाचायचं काम गावाने करावं. गावात एक जण असा ठेवा जो दरवर्षी वहीत लिहून ठेवतो, काय सांगितलं होतं आणि काय झालं. त्या पात्राचा आदर राखा, त्याला खलनायक करू नका. सांगत्या खरा असेल तर त्याला त्या वहीची भीती नसणार.

तारांगण_नाशिकरोड

पुन्हा येण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मोठं उधाण आलं की तो येतो, हे फार सोयीचं होतंय. त्याच्या येण्याला एखादं चक्र हवं, म्हणजे लोक वाट बघतील. आपला सिंहस्थच घ्या. गुरू सिंहेत आला की त्र्यंबक-नाशिकला कुंभ. २००३, २०१५, आता २०२७. म्हणायला बारा वर्षं, पण गुरूची फेरी ११.८६ वर्षांची असते, त्यामुळे हिशेब कधीतरी सरकतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर बाराव्या वर्षी न होता २०२१ मध्ये झाला तो याच गणिताने. लोक बाराव्या वर्षी घाटावर जमलेत आणि सांगत्या आदल्या वर्षीच येऊन गेलाय, अशी कल्पना करा.

सिन्नरचा_वाटसरू

हे झकास आहे, मी मागे हटतो. दोन्ही ठेवता येईल. पंचांगवाले चक्र मानतात, नावाडी उधाण मानतात, आणि खरं काय ते गोदाकाठींनी मनाशी ठरवून कुणालाही सांगू नये. त्र्यंबकला गेलात तर कुशावर्तावर थोडा वेळ बसा. गोदावरी सारखी गुप्त होत होती, म्हणून गौतम ऋषींनी तिला कुशाच्या गवताने अडवलं अशी कथा आहे. अनावर शक्ती गवताच्या काडीने थोपते, हे तुमच्या जगात शोभून दिसेल.

गोदाकाठी (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: सांगत्या 'जर' शिवाय बोलणार नाही, विचारल्याशिवाय बोलणार नाही, आणि घडी घातलेला कागद टेबलाच्या मध्यावर राहील. वहीवाल्या पात्रासाठी आमच्या जादूगारणीची आई निवडली आहे, म्हणजे भांडण घरातच लागेल. 'रमलखुणा' सार्वजनिक वाचनालयात मिळेल का?

आणि एक शेवटचं. बखरकाकांच्या आळीपाळीच्या पिथियांवरून सुचलं, की येत्या रविवारी खेळाडूंना एकाच घाटावर दोन सांगत्ये भेटवावेत, दोघांचेही डावे हात भाजलेले. पण मग खरा कोण, या एकाच प्रश्नात खेळ अडकेल का?

केतकीचं_बन

सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) १८४० पासूनचं वाचनालय आहे, जीए तिथे नाही मिळणार तर कुठे? टिळक पथावर जाऊन काउंटरला विचारा. चांगली पुस्तकं बऱ्याचदा बाहेर गेलेली असतात, म्हणून नाव नोंदवून या.

जुनी_बखर

अडकणार नाही, फक्त दोघांना एकमेकांविरुद्ध बोलू देऊ नका. पहिल्या दोन रेघा दोघांनी तंतोतंत त्याच जागी माराव्यात. तिसरी रेघ एकाने बोटभर वर मारावी आणि दुसऱ्याने ती बघून मान डोलवावी. खेळाडू खरा कोण ते सोडून देतील आणि मधल्या बोटभर जागेत पाणी असताना नाव सोडायची की नाही, यावर वाद घालतील.