इसबगोल, चायना ग्रास की शेवाळाच्या कॅप्सूल? सल्ला हवा आहे

उंबरठा:
माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांचे कोलेस्टेरॉल थोडे वाढले आहे आणि बद्धकोष्ठता तर जुनीच आहे. डॉक्टरांनी औषधांसोबत विद्राव्य तंतू (पाण्यात विरघळणारे फायबर) वाढवायला सांगितले आहे. ओळखीचा एक दुकानदार मात्र ‘पॉलिसॅकराइडयुक्त’ (म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या असलेल्या) म्हणून समुद्री शेवाळाच्या महागड्या कॅप्सूल गळ्यात मारू पाहतो आहे, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्या आईलाही त्याच द्या, असा त्याचा आग्रह आहे. काय करावे?

खारवण:
आईंना त्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. काही समुद्री शेवाळांत, विशेषतः केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळात, आयोडीन फार असते आणि त्याने थायरॉईडचे गणित बिघडू शकते. वडिलांसाठी साधे इसबगोल पुरेसे वाटते. त्याच्या सालीतला बुळबुळीत पदार्थ आतड्यात पाणी धरून मल मऊ करतो आणि पित्ताम्लांना (चरबी पचवायला यकृत बनवते त्या पित्तातल्या आम्लांना) अडकवून बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली, रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू इसबगोलातून घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. मात्र त्याने डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करता येत नाही.

जुनी_पाटी:
शेवाळाला सरसकट नावे ठेवू नयेत. तपकिरी शेवाळातले अल्जिनेट छातीतल्या जळजळीवरच्या काही औषधांत असते. ते पोटातल्या अन्नावर तराफ्यासारखे तरंगते आणि आम्ल वर येऊ देत नाही. चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातले अगर. ते उकळत्या पाण्यातच नीट विरघळते आणि फ्रीजशिवायही घट्ट बसते, म्हणून जिलेटिन न खाणाऱ्यांच्या घरी ते हवेच. पण दुधात साखर घालून केलेल्या त्याच्या वड्यांना कोलेस्टेरॉलवरचा उपाय कोणी समजू नये. भिजवलेली मेथी किंवा ओट्सची खीर चालेल.

उंबरठा:
वडिलांनी काल चमचाभर इसबगोल कोरडेच तोंडात टाकून वर दोन घोट पाणी प्यायले. घशाशी गोळा अडकल्यासारखे झाले आणि दहा मिनिटे आम्ही सगळे घाबरून उभे होतो.

खारवण:
नेमके हेच करायचे नसते. गिळताना त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळा असेल, तर ते मुळीच देऊ नये. एकदा असे झालेच आहे, तेव्हा पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्यांनी होकार दिला, तर मोठ्या ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा ढवळून लगेच प्यायला द्या, कारण पाच मिनिटे ठेवले की त्याची लापशी होते. मागोमाग आणखी एक ग्लास पाणी द्या. पोट सरावले की आठवड्याने प्रमाण वाढवा. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचे अंतर असू द्या. आईंनीही कधी घेतले, तर थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि इसबगोल रात्री, असे ठेवा.