मन्सा मूसाचं सोनं मोजणं आता पुरे

जुना नकाशा:
आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तो व्हिडिओ आला. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा बादशहा मन्सा मूसा, 'इतिहासातला सर्वात श्रीमंत माणूस', संपत्ती आजच्या हिशेबाने इतके अब्ज डॉलर. खाली भाच्याने सोन्याच्या विटांच्या सात इमोजी टाकल्या होत्या.

मला या आकड्याचा राग येतो. चौदाव्या शतकातल्या राजाची तिजोरी कुणी मोजली होती? आपल्या हातात जे आहे ते मुख्यतः अल-उमरी या अरब इतिहासकाराचं. १३२४ मध्ये मूसा हजला जाताना कैरोत थांबला. त्यानंतर काही वर्षांनी अल-उमरीने तिथल्या लोकांकडून ऐकून लिहिलं, की पूर्वी सोन्याचा मिस्काल (सुमारे सव्वाचार ग्रॅम वजन) २५ दिरहमच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली जात नसे, मूसाने इतकं सोनं वाटलं की भाव २२ किंवा त्याहून खाली आला आणि बारा वर्षं झाली तरी वर चढला नाही. इतपत सगळे सांगतात. परतीच्या वाटेवर याच मूसाला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावं लागलं, हे कुणी सांगत नाही. सर्वात श्रीमंत माणूस व्याजाने पैसे उचलतोय, असा व्हिडिओ चालणार कसा!

पण माझा मुद्दा वेगळा आहे. मालीचं सोनं निघायचं बांबुक आणि बुरे या खाणींच्या मुलखातून. अल-उमरी लिहितो, की तिथल्या लोकांवर इस्लाम लादला की सोनं निघायचं कमी होतं, हे मालीच्या राजांनी अनुभवाने ओळखलं. मग त्यांनी त्या लोकांना त्यांच्या देवधर्मासकट तसंच राहू दिलं आणि खंडणी घेत राहिले. स्वतः हजला जाणारे राजे, आणि खाणीच्या बाबतीत इतका व्यवहारीपणा! हे राज्य समजायचं तर तिजोरीपेक्षा हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट मिठाची. सहाराच्या पोटात तगाझा नावाचं गाव, घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये तिथून गेला. त्याने भाव लिहून ठेवलेत: मिठाच्या उंटावरच्या एका ओझ्याला वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वलाता गावात ८ ते १० मिस्काल, तेच मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४०. राजधानीत मूसाचा भाऊ सुलेमान गादीवर होता. त्याच्याकडून भेट आली म्हणून हा गडी धावत गेला, तर तीन भाकऱ्या, तळलेलं गोमांस आणि दही. त्याला हसू आवरेना. असा नाराज पाहुणासुद्धा लिहितो, की या मुलखात प्रवाशाला चोराचिलटाचं भय नाही.

वाळवंटापलीकडून आलेल्या परक्याला बिनघोर फिरता येतं याला मी साम्राज्य म्हणेन. सोन्याच्या विटांनी आफ्रिकेत नुसता खजिना होता, कारभार नव्हता, हाच समज पक्का होतो.

खडूफळा:
लेख आवडला, मत पटलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. आफ्रिका म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सिंह, दुष्काळ आणि मॅरेथॉन. तिथे मी दिरहम-मिस्कालने सुरुवात केली तर तिसऱ्या मिनिटाला मागचा बाक झोपतो. 'एका माणसाने वाटेत सोनं वाटून कैरोचा बाजार पाडला' म्हटलं की झोपलेला उठतो. मग मीठ, खाणी, कारभार काय हवं ते सांगा.

आणि ही जाहिरात काही व्हॉट्सॲपने सुरू केलेली नाही. १३७५ च्या कॅटलान नकाशात मूसा हातात सोन्याचा गोळा धरून बसलाय. साडेसहाशे वर्षं याच चित्रावर त्याचं नाव टिकलंय, ते तुम्ही काढून घेणार?

जुना नकाशा:
काढून घेत नाही हो. पण मागचा बाक उठल्यावर तुम्ही पुढे काय सांगता त्यावर सगळं आहे. बहुतेक जण तिथेच थांबतात.

आबा चिकित्सक:
तुम्ही दोघं एकाच देवाची आरती म्हणताय, फक्त एकाच्या ताटात सोनं आणि दुसऱ्याच्या ताटात मीठ.

धागाकर्त्याने तगाझाची घरं सांगितली. ते मीठ खणत कोण होतं? गुलाम. हेही त्याच इब्न बतूताने लिहिलंय, आपण सोयीने गाळलंत. परतताना तो ज्या काफिल्याबरोबर आला त्यात ६०० गुलाम बायका होत्या. प्रवाशाला भय नव्हतं ना? त्या ६०० जणींना विचारा.

पुढे या. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीच्या अगाजा राजाने १७२४ मध्ये शेजारचं अलाडा आणि १७२७ मध्ये विडा घेतलं. हे विडा म्हणजे माणसं जहाजात भरायचं बंदर. राज्य बलाढ्य, फौज शिस्तीची, बायकांची पलटण होती म्हणून आज कौतुकही होतं. माणसं विकणं मात्र थांबलं नाही. 'आफ्रिकेतही मोठी साम्राज्यं होती' हे वाक्य अभिमानाने म्हणायचं असेल तर त्यांची पालखी कुणाच्या खांद्यावर होती तेही म्हणा. गोऱ्यांनी केलं ते पाप आणि यांनी केलं ते वैभव, हे मला जमत नाही.

पिंपळपान:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

रानजाई:
आबा, गाळलेलं दाखवलंत ते बरं केलंत. पण तुम्हीही सगळ्यांना एकाच पोत्यात भरताय.

बेनिनच्या (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) ओबांनी, म्हणजे राजांनी, सोळाव्या शतकात पुरुष कैदी परदेशी व्यापाऱ्यांना विकणं बंद केलं आणि ते बराच काळ बंद ठेवलं. मिरी, हस्तिदंत, कापड यांवर पोर्तुगिजांशी व्यापार चालू होता. १८९७ मध्ये इंग्रजांनी शहर जाळून पितळी फलक उचलून नेले, ते याच बेनिनचे.

काँगोचा राजा अफोन्सो घ्या. १५२६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं: तुमचे व्यापारी आमची माणसं, सरदारांची मुलं, माझे नातलगसुद्धा पळवून नेताहेत, देश ओस पडतोय. आम्हाला पाद्री आणि शिक्षक पाठवा, प्रार्थनेसाठी वाइन आणि पीठ पाठवा, बाकी काही नको. आफ्रिकेच्या राजाने स्वतःच्या सहीने केलेली ही तक्रार आहे.

आबा चिकित्सक:
आणि तोच अफोन्सो लढाईत पकडलेले लोक विकत होता. त्याचा राग विक्रीवर नव्हता, आपली माणसं विकली जाण्यावर होता. सोंघाई साम्राज्यातल्या टिंबक्टू शहराचा पंडित अहमद बाबा आठवा. १५९१ ला मोरोक्कोच्या बंदुकांपुढे सोंघाई कोसळलं, पुढे या पंडिताला पकडून माराकेशला नेलं. तिथे तो म्हणाला, माझ्या घराण्यात सर्वात कमी पुस्तकं माझ्याकडे होती, १६०० लुटली गेली. मान डोलवावी असा माणूस. पण गुलामगिरीवर त्याने लिहिलं ते काय? कातडीच्या रंगावरून कुणाला गुलाम ठरवू नका, स्वतंत्र मुसलमानाला पकडू नका. बाकीच्यांना पकडायला हरकत नाही.

रानजाई:
१६१५ च्या सुमारास रंगावरून गुलाम ठरवू नका म्हणणारा माणूस मला लहान वाटत नाही. त्या वेळी युरोपातले किती धर्मपंडित असं म्हणत होते?

आबा चिकित्सक:
लहान म्हटलेलं नाही. अपुरा म्हटलंय.

मांडवीकार:
गोव्यातून थोडी भर, कारण ही चर्चा वाटते तितकी दूरची नाही. मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालायचा. गोव्यात जेझुइटांचा प्रमुख असलेला गोंसालो दा सिल्वेरा इथूनच झिंबाब्वेच्या पठारावरच्या मुटापा राज्याच्या दरबारात गेला. राजाला बाप्तिस्मा दिला आणि १५६१ मध्ये तिथेच मारला गेला. दरबारातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी राजाचे कान भरले, असं पोर्तुगीज लिहितात. मोझांबिकच्या सोफाळा बंदरात सोनं मिळायचं ते खंबायतच्या कापडाच्या आणि मण्यांच्या बदल्यात.

मुद्दा असा, की या राज्यांना 'बिचारी' समजू नका. १६९३ मध्ये चांगामिरे डोंबो या तिथल्याच राजाने पोर्तुगिजांना झिंबाब्वेच्या पठारावरून पार हाकललं. बंदुकवाल्यांना किनाऱ्याकडे पळावं लागलं. आमच्याकडच्या शाळेत वास्को द गामा आहे, डोंबो नाही.

आबा चिकित्सक:
डोंबो आपल्याला कळला तो पोर्तुगीज कागदांतून. खुद्द ग्रेट झिंबाब्वेत, त्या पठारावरच्या जुन्या दगडी राजधानीत, एक अक्षर सापडत नाही. नुसत्या भिंतींवरून साम्राज्य म्हणायचं?

रानजाई:
या भिंतींबद्दलच एक किस्सा आहे. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन तिथे पोचला. दारावरच्या तुळईची ढलपी काढून वास घेतला, तर तो त्याच्या शिसपेन्सिलीसारखा! पेन्सिल देवदाराची, म्हणजे तुळई देवदाराची, देवदार लेबनॉनचा, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा महाल. झालं संशोधन.

१९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने उत्खनन करून सांगितलं, की हे इथल्याच आफ्रिकी लोकांचं बांधकाम. तरी ऱ्होडेशियाच्या (आजचं झिंबाब्वे) गोऱ्या सरकारला ते पचेना. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. सुमारे २५० मीटर घेराची, काही ठिकाणी ११ मीटर उंच भिंत, चुन्याचा थेंब नाही. आत चिनी आणि इराणी भांड्यांचे तुकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वा बंदराचं नाणं. अक्षर नाही हे खरं. पण भिंतीला कुणी बोलूच दिलं नाही, हेही खरं. आणि लिपीच हवी तर इथिओपियाकडचं जुनं राज्य अक्सूम बघा: तिसऱ्या शतकापासून स्वतःची सोन्याची नाणी, त्यांवर राजांची नावं.

आबा चिकित्सक:
पेन्सिलीचा किस्सा माहीत नव्हता. हा मुद्दा मागे घेतो.

गुलामांचा घेत नाही. उलट आपल्या अंगणातलं उदाहरण देतो. मलिक अंबरचा अभिमान आपण सगळे बाळगतो: १६१० ला खडकी वसवली, नहर बांधली, मुघलांना दमवलं. हा मूळचा इथिओपियाचा, जन्मनाव चापू. तिथे शतकानुशतकांचं राज्य होतं, राजाचं घराणं स्वतःला सोलोमनचं वंशज म्हणवायचं. तरी हे पोर विकलं गेलं, अरबस्तान-बगदादमार्गे दख्खनला पोचलं. बलाढ्य राज्याचा त्या पोराला काय उपयोग झाला?

जुना नकाशा:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मिठाच्या परिच्छेदात गुलाम गाळले ही चूकच. ज्या ओळीत घरं मिठाची आहेत, तिच्या पुढच्याच ओळीत ते आहेत. 'बिनघोर फिरता येतं' या वाक्याला 'परक्या पाहुण्याला' अशी मर्यादा हवी. डॉलरवाल्या व्हिडिओवरचा राग मात्र तसाच आहे. त्यात ना राजा दिसतो, ना खाणीतला माणूस, ना त्या ६०० जणी.

खडूफळा:
ठरलं. सोमवारी सातवीच्या वर्गात मिठाची पिशवी नेते. एका मुलाला तगाझा करते, एकाला वलाता, एकाला राजधानी. भाव चढताना पाहू देत. मग विचारते, हे मीठ खणलं कुणी? सोन्याच्या नाण्यांसाठी चॉकलेटची नाणी आणीन, नाहीतर मागचा बाक ऐकायचा नाही.

पिंपळपान:
मस्त! आणि कोकोही आफ्रिकेचाच.

आबा चिकित्सक:
कोको मूळचा अमेरिकेतला. आफ्रिकेत नंतर नेला.