मूळ गाणं भारी की नंतरचं? तुलना करायची तरी कशी?

गोदाकाठचा (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत यंदा कोजागिरीला गाण्याच्या भेंड्या नकोत, ऐकायचा कार्यक्रम करू असं ठरलंय. म्हणजे एक गाणं मूळ गायकाच्या आवाजात लावायचं, लगेच तेच दुसऱ्या कोणी गायलेलं लावायचं आणि दूध आटेपर्यंत त्यावर बोलायचं. पण आत्ताच व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गट पडलेत, ज्येष्ठ मंडळी म्हणतात मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल, आणि कॉलेजची पोरं म्हणतात जुनं रेकॉर्डिंग घरघरतं, नव्यात वाद्यं तरी नीट ऐकू येतात. मला दोन्ही पटत नाही. माझी भाची कव्हर (म्हणजे जुनं गाणं दुसऱ्याने गायलेलं) ऐकत ऐकतच गायक वसंतराव देशपांडेंपर्यंत पोचली, आता ती मूळच ऐकते, मग त्या कव्हरला नक्कल म्हणून कसं मोडीत काढायचं? तर मराठी गाण्यांच्या चांगल्या जोड्या सुचवा, आणि ऐकताना नेमकं लक्ष कशाकडे द्यायचं तेही सांगा.

पांढरी_चार
मी पेटी वाजवतो म्हणून त्या अंगाने सांगतो. 'कानडा राजा पंढरीचा' नक्की घ्या. 'झाला महार पंढरीनाथ' सिनेमातलं, १९७० चं, गदिमांचे शब्द, चाल बाबूजींची (सुधीर फडके), आणि गायलेत बाबूजी आणि वसंतराव देशपांडे दोघं. लोक हे 'दोघं' विसरतात! बाबूजी शब्द इतका स्वच्छ ठेवतात की एक अक्षर चुरगळत नाही, आणि वसंतरावांचा गळा लागला की तेच गाणं एकदम उसळी घेतं. दोन स्वभावांचे आवाज समोरासमोर आहेत, गाण्याची निम्मी मजा तिथे आहे. आता कव्हर बहुतेक एकटा माणूस गातो. शास्त्रीय गायक महेश काळे मैफलीत गातात ते ऐका, त्यांना दोन्ही बाजू एकट्याने सांभाळाव्या लागतात, मग ते गाणं पसरवतात, आलाप, शब्द घेऊन मारलेल्या ताना, प्रेक्षकांकडून गजर, म्हणजे सिनेमाचं गाणं राहतच नाही, मैफलीचा अभंग होतो. त्याला मी नक्कल म्हणणार नाही.

नक्कल होते ती कराओके ट्रॅकमुळे. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत (म्हणजे तो जिथे सा लावतो त्या उंचीवर), म्युझिक पीस तेच, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. पेटीच्या काळी एकला सा लावणारा माणूस त्याहून उंच पांढरी चारच्या ट्रॅकवर ओढून ताणून गातो आणि वरचा सा आला की मानेच्या शिरा ताणतात, शब्दाकडे लक्ष जाणार कुठून? आपली पट्टी धरा ना राव, तबलजी समोर बसवा, मग बघा.

पंचवटीकर
गोदाकाठचे दादा, एक विचारू का, मूळ म्हणजे नक्की कुठलं? नाशिकमध्ये बसून गीतरामायण सोडून चालणार नाही म्हणून तेच उदाहरण घेते. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला सुरू झालं, दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी, आणि तेव्हा ती एकट्या बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज होते. सगळी गाणी बाबूजींच्या आवाजात आली ती नंतरच्या रेकॉर्डमध्ये, आणि आपल्या घराघरात तीच पोचली. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून कवटाळतो तेच बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत दुसरं गायन आहे! 'कोण तू कुठला राजकुमार' घ्या. ते शूर्पणखेचं गाणं, प्रसंग आपल्या पंचवटीतला, आणि आपण ते पुरुषाच्या आवाजात ऐकून मोठे झालो, कोणाला कधी खटकलं का? नाही, कारण बाबूजींनी त्या शब्दांमधला लाडिकपणा बरोब्बर पकडलाय. आमच्याकडे गाण्याच्या क्लासमधली मुलगी गाते तेव्हा मात्र तिच्या 'राजकुमार'वर एक वेगळीच लाडीगोडी येते, ती ऐकल्यावर वाटतं हे गाणं बाईनेच गायला हवं. तुलना करायची तर अशी करा, शब्द कोणाचे, प्रसंग कुठला आणि तो गाणाऱ्याला कळलाय का.

'इंद्रायणी काठी' पण घ्या. 'गुळाचा गणपती'मधलं, १९५३, गदिमांचे शब्द, पुलंची चाल. सिनेमातलं भीमसेनजींचं आणि त्यांनीच पुढे मैफलीत फुलवलेलं, दोन्ही लावा. गायक एकच, गाणी दोन वाटतील.

सिडकोचा_सूर
पंचवटीकर ताई एक नंबर. 'कट्यार काळजात घुसली' राहिलं की पण! १९६७ चं नाटक, जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली, त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांडेंचा, म्हणजे नातवाचा. तिथे घराण्याचा गळा ओळखू येतो पण आजोबांसारखं गायचा आटापिटा नाही दिसत, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी नाट्यसंगीत हा शब्दच त्या सिनेमामुळे ऐकला. जुन्या लोकांनी एवढं तरी मान्य करावं. फक्त सिनेमात वाद्यमेळ फार भरलाय असं मला पण वाटतं, नाटकात ऑर्गन आणि तबला यांच्यावर गळा उघडा पडायचा, लपायला जागाच नाही.

गोदाकाठचा
वा, यादी तयार झाली. आमची पोरं दोन-तीन गाणी गाऊन रेकॉर्ड करून विकायच्या पण गप्पा मारतायत, त्याला परवानगी लागते का?

कायद्याचं_पान
लागते, नाहीतर कायद्यातली वाट धरावी लागते. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हरसाठी कलम ३१सी आलं. मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर ५ कॅलेंडर वर्षं जायला हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि तीही साधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. वर कव्हर व्हर्जन आहे असं छापायचं, मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही, आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायचा नाही. सोसायटीच्या पोरांना हे झेपणार नाही, त्यापेक्षा हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिला सरळ लिहून विचारा. कॅसेटच्या जमान्यात 'व्हर्जन' बारीक अक्षरात असायचं, घरी येऊन लावली की कळायचं लताबाई नाहीतच, तो राग अजून आहे माझा.

पांढरी_चार
आणि एक, मूळ आधी लावू नका. कान पहिल्यांदा जे ऐकतो तेच बरोबर धरून बसतो. निम्म्या जोड्यांत नवं आधी लावा, नाव सांगू नका, आणि आवाजाची पातळी सारखी ठेवा, जुनं हळू आणि नवं मोठ्याने लावलं तर मोठ्याने लावलेलंच चांगलं वाटतं.

पंचवटीकर
तात्यासाहेब शिरवाडकरांचं 'सर्वात्मका सर्वेश्वरा' विसरू नका हं, 'ययाति आणि देवयानी'मधलं. अभिषेकीबुवांचं लावा, आणि दुसरं कोणाचं लावायचं ते तुमच्या भाचीला ठरवू द्या.